थर्मोस्टॅट हाउसिंगचा तुटलेला बोल्ट आणि हेड वाचवण्याची पद्धत

ऐरोलीहून आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. ११ वर्षांची पेट्रोल-सीएनजी गाडी आहे, सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचे आहे. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळत होते म्हणून थर्मोस्टॅट हाउसिंग, म्हणजे हेडवर दोन बोल्टांनी बसवलेले थर्मोस्टॅटचे आवरण, काढायला घेतले, तेव्हा दोन बोल्टांपैकी एकाचे डोके पान्याबरोबर तुटून हातात आले आणि दुसरा जागचा हलत नाही. गॅरेजमध्ये हेड बदलावे लागेल असे सांगण्यात आले आहे. त्यातच एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे) नटही गंजून गोल झाल्याचे आपल्या लक्षात आले आहे.

हेड बदलण्याची वेळ अद्याप आलेली नाही. ती कदाचित येणारही नाही, मात्र यापुढे कोणत्याही बोल्टाला पाना लावण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागेल, ती म्हणजे या जोडणीतला कोणता भाग गेला तरी चालेल आणि कोणता भाग काहीही झाले तरी वाचला पाहिजे. बोल्ट आणि हाउसिंग हे दोन्ही बाजारात मिळणारे, हेडच्या मानाने अगदी स्वस्त भाग आहेत. हेड उतरवायचे म्हटले की टायमिंग, गॅस्केट, नवे हेड बोल्ट आणि फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणे) असे सगळे काम मागे लागते. त्यामुळे पुढची प्रत्येक कृती बोल्ट गेला तर जाऊ दे, हाउसिंग गेले तर जाऊ दे, पण हेडचे आटे राहिले पाहिजेत, याच हिशेबाने करायची. बहुतेक हेड खराब होतात ती पहिला बोल्ट तुटल्यामुळे नव्हे, तर तो तुटल्यानंतरच्या तासाभरात घाईने जे केले जाते त्यामुळे.

आता हा बोल्ट नेमका कुठे अडकला आहे ते पाहू. लोखंडी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम हे दोन धातू एकमेकांना टेकलेले असताना मधे ओलावा आणि क्षार आले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि तिच्यात झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. त्यातून जी पांढरी पूड तयार होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि बोल्टाच्या दांड्याभोवती अशी घट्ट बसते की तेल आत शिरायला फट उरत नाही. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर, कोपरीपासून वाशी-बेलापूरपर्यंत, हवेत खारटपणा आणि दमटपणा असतोच. त्यात कूलंटऐवजी नळाचे पाणी भरण्याची सवय असली तर बाहेरून हवा आणि आतून पाणी असे दोन्हीकडून हे काम चालू राहते.

महत्त्वाची बाब अशी की, थर्मोस्टॅट हाउसिंगच्या बाबतीत बोल्ट पुष्कळदा हेडच्या आट्यांत जाम झालेलाच नसतो. तो हाउसिंगच्या कानातून, म्हणजे बोल्टासाठी भोक असलेल्या बाहेर आलेल्या भागातून, जातो, त्या सरळ भोकात पांढरी पूड साचून त्याचा दांडा पकडला गेलेला असतो. आपण डोके फिरवतो, दांडा कानात अडकलेला असल्यामुळे फिरत नाही, आणि डोक्याखालच्या मानेवर सगळा पीळ येऊन ती तुटते. तुटून आलेले डोके आपल्याजवळ असेल तर ते नीट पाहावे. मान बरोबर डोक्याखाली तुटली असेल आणि तिच्याभोवती पांढरा थर चिकटलेला असेल, तर अडकण्याची जागा हाउसिंगमध्ये असण्याची शक्यता बरीच मोठी आहे, आणि ही आपल्यासाठी चांगली बातमी आहे.

दुसऱ्या बोल्टाकडे वळण्यापूर्वी आकड्यांत बोलणे आवश्यक आहे. या जागी बहुधा एम६ (६ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट असतो, ज्याला १० चा पाना लागतो. ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे मजबुतीची प्रत) एम६ बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटर इतक्या पिळाने आवळतात, आणि तो नवा असतानाही त्याच्या तुटण्याची किमान मर्यादा सुमारे १३ न्यूटन-मीटर धरली जाते. म्हणजे २५ सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साडेपाच किलोच्या आसपास जोर पडला की आपण धोक्याच्या हद्दीत आलो. इतका जोर हाताच्या तीन बोटांनी सहज लागतो. म्हणून एम६ ला कधीही लांब पाना लावू नये, पान्याला पाइप तर मुळीच लावू नये. पाव इंची ड्राइव्हचे लहान रॅचेट किंवा आखूड टी-हँडल घ्यावे, म्हणजे बोल्टाचे बोलणे हाताला कळते.

हाताला काय कळायला हवे तेही सांगतो, कारण ही गोष्ट पाहून येत नाही. जाम बोल्ट खऱ्या अर्थाने सुटतो तेव्हा 'टक्' किंवा 'कर्र' असा कोरडा आवाज येतो आणि पान्याला एकदम हलका झटका बसतो. बोल्ट नुसताच पिळला जात असेल तर पाना थोडा पुढे जातो आणि हात सैल केला की तेवढाच मागे येतो. इथपर्यंत काही बिघडलेले नसते. पण पाना आवाज न करता पुढे सरकतो आहे, जोर वाढवावा लागत नाही आणि हात सैल केल्यावर तो पूर्ण मागे येत नाही, असे झाले की धातू ताणला जाऊ लागला आहे असे समजावे आणि त्याच क्षणी थांबावे. तिथून पुढचा पाव फेरा म्हणजे दुसरे तुटलेले डोके.

आता क्रम. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंट काढून टाकावे. हेडमध्ये पाणी राहिले तर आपण दिलेली उष्णता ते पिऊन टाकते आणि तापवण्याचा काही उपयोग होत नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, जवळच्या टेम्परेचर सेन्सरचा कनेक्टर सोडवून बाजूला बांधावा. बोल्टाचे डोके आणि हाउसिंगच्या कानाची कड पितळी तारेच्या ब्रशने स्वच्छ करावी आणि साचलेली पूड टोकदार सुईने उकरावी. हे कंटाळवाणे काम दहा मिनिटे मन लावून केले तर पुढचे अर्धे काम सोपे होते, कारण तेल असो वा मेण, ते मळाच्या थरावर नव्हे तर फटीत पोहोचायला हवे.

पेनिट्रेटिंग, म्हणजे फटीत झिरपणाऱ्या, तेलाबद्दल लोकांच्या फार अपेक्षा असतात. डब्ल्यूडी-४० मुळात १९५३ मध्ये पाणी हटवण्यासाठी तयार झाले. गंजलेले आटे सोडवण्याकरिता खास बनवलेली पेनिट्रंट वेगळी मिळतात आणि या कामाला ती अधिक चांगली. काही कारागीर एसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल सम प्रमाणात मिसळून वापरतात. ते मिश्रण झिरपते चांगले, पण एसिटोन अतिशय ज्वालाग्राही आहे, प्लास्टिक खाते, आणि दोन्ही द्रव वेगळे होत असल्याने दर वेळी हलवून घ्यावे लागते. लोखंडातल्या लोखंडी बोल्टाला तेल लावून रात्रभर ठेवले तर निश्चित फायदा होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पांढऱ्या पुडीपुढे मात्र तेल दुबळे पडते, आणि आपल्या बाबतीत मी तेलापेक्षा उष्णतेवर भर देईन.

कारण साधे आहे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. एका अंशाला एका मीटरमागे अ‍ॅल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन वाढते, तर पोलाद सुमारे १२. सहा मिलिमीटरचे भोक आणि त्यातला बोल्ट दोन्ही १३० अंशांनी तापले तरी भोक बोल्टापेक्षा ८ ते ९ मायक्रॉन जास्त मोठे होते. हा आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु पूड भुगा होऊन सुटायला तेवढे पुरते. याचा व्यवहारातला अर्थ असा की, तापवायचे ते बोल्टाला नव्हे, तर त्याच्या भोवतीच्या अ‍ॅल्युमिनियमला. आधी हाउसिंगचा कान तापवावा, मग गरज वाटली तर हेडमधला उंचवटा, ज्यात बोल्टाचे आटे असतात.

आपली गाडी सीएनजीवर चालणारी असल्यामुळे इथे थांबून एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. इंजिनाच्या कप्प्यात गॅसची नळी आणि रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) असतो, आणि टाकी २०० बारपर्यंत भरलेली असते. टाकीवरचा हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह बंद करावा, नंतर इंजिन गॅसवर चालवून नळीतला गॅस संपू द्यावा, आणि हे सगळे कूलंट काढण्यापूर्वी करावे. त्यानंतरही ब्लो टॉर्चची उघडी ज्योत या कप्प्यात नेऊ नये. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने तो वर चढतो आणि उघड्या बॉनेटखाली किंवा बंद गॅरेजच्या छताशी साठू शकतो. हॉट एअर गन किंवा इंडक्शन हीटर वापरावा, जागा हवेशीर ठेवावी, आणि गॅसचा जराही वास असेल तर कोणतेही उपकरण सुरू करू नये, कारण हॉट एअर गनची कॉइलही ठिणगीचे काम करू शकते. आग विझवण्याचा पावडरचा सिलिंडर हाताशी असावा. तसेच, ज्या जागेवर ब्रेक क्लीनर फवारला आहे ती जागा कधीही तापवू नये वा वेल्ड करू नये; क्लोरीनयुक्त क्लीनर तापल्यावर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो. तेल लावलेली जागाही तापवण्यापूर्वी पुसून कोरडी करावी.

हॉट एअर गनने कान सात-आठ मिनिटे सावकाश तापवावा. पाण्याचा थेंब टाकताच तो उड्या मारत विरला म्हणजे आपण १०० अंशांच्या बरेच पुढे आलो. १५० ते १८० अंश पुरेसे आहेत. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो, म्हणून मोजायच्या जागी आधी काळ्या मार्करचा ठिपका काढावा. अ‍ॅल्युमिनियम वितळण्याआधी लोखंडासारखे लाल होत नाही, ते अचानक खचते; म्हणून रंग पाहून अंदाज बांधण्याची लोखंडावरची सवय इथे उपयोगाची नाही.

तापलेल्या अवस्थेत बोल्टाच्या डोक्यावर पितळी पंच ठेवून लहान हातोडीने सरळ, झटपट आठ-दहा ठोके द्यावेत. नंतर सहा कोनांची गोटी (सॉकेट) घट्ट बसवावी. बारा कोनांची गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाते. डोके झिजून १० ची गोटी सैल बसत असेल तर ३/८ इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरची, सहा कोनी गोटी हलक्या हाताने ठोकून बसवावी. पहिली हालचाल सोडवण्याच्या दिशेने करू नये. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने जोर द्यावा, अगदी नखभर. हालचाल जाणवली तर मग सोडवण्याच्या दिशेने आठवा भाग फेरा, परत आत, पुन्हा थोडे जास्त बाहेर. दर वेळी बाहेर येणाऱ्या दांड्यावर मेणबत्तीचे मेण टेकवावे. गरम धातूवर मेण पातळ होऊन फटीत ओढले जाते आणि भुग्याला वंगण मिळते. घट्टपणा पुन्हा वाढला की मागे जावे. अडलेल्या ठिकाणी जोर वाढवू नये. एका बोल्टासाठी अर्धा तास लागला तरी तो वाया गेलेला नाही.

एवढे करूनही बोल्ट हलला नाही, तर बोल्टाशी भांडणे सोडून हाउसिंगचा बळी द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हॅकसॉच्या पात्याने हाउसिंगचा कान बाहेरच्या कडेपासून बोल्टापर्यंत कापत आणावा, मात्र खालच्या बाजूला एक-दोन मिलिमीटर सोडावे, म्हणजे हेडच्या गॅस्केट बसणाऱ्या पृष्ठभागावर ओरखडा जाणार नाही. कापात छिनी ठेवून हलका ठोका दिला की कान फाकतो आणि दांडा मोकळा होतो. डोके तुटलेल्या पहिल्या बोल्टासाठीही हाच मार्ग आहे. त्यावर हाउसिंग जागेवर असताना ड्रिल मारण्याचा मोह मुळीच धरू नये. हाउसिंग निघाल्यावर त्या बोल्टाचा कानाच्या जाडीइतका तुकडा हेडबाहेर उभा राहतो, आणि उभा तुकडा म्हणजे पकडायला जागा.

त्या उभ्या तुकड्याच्या बुडाशी, हेडच्या उंचवट्याला, वर सांगितल्याप्रमाणे उष्णता द्यावी, मेण लावावे आणि व्हाइस ग्रिपने (जबडा घट्ट अडकून राहणाऱ्या पकडीने) पकडून तसेच आत-बाहेर करावे. ग्रिप घसरत असेल तर घसरू देऊ नये, लगेच दुसरा उपाय करावा, कारण घासून गोल झालेला तुकडा पुढच्या उपायालाही नीट धरता येत नाही. दुसरा आणि माझ्या अनुभवात सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे तुकड्यावर नट वेल्ड करणे. त्यासाठी सीएनजीचे काम जाणणाऱ्या माणसाकडून नळी नीट बंद करून घ्यावी, बॅटरी आणि जवळचे कनेक्टर सुटे करावेत, अर्थ क्लॅम्प हेडवरच जवळ लावावा, आणि मिग वेल्डिंग जाणणारा कारागीर बोलवावा. तुकड्यावर आधी वॉशर, त्यावर एक माप मोठा नट ठेवून नटाच्या आतून वेल्ड भरतात. लोखंडी वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला जोडला जात नाही, ही इथे मदतीची गोष्ट आहे. शिवाय वेल्डिंगमुळे बोल्ट लालबुंद तापून आतली पूड फुटते. लाल असताना पाना लावू नये. हात लावण्याजोगा होईपर्यंत आपोआप थंड होऊ द्यावा, पाणी ओतू नये. नट तुटून आला तर पुन्हा वेल्ड करावा. तिसऱ्या-चौथ्या वेल्डला बोल्ट निघणे ही नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळे पहिला नट तुटला म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

ड्रिल हा शेवटचा मार्ग. बोल्ट पृष्ठभागाच्या आत तुटला आणि वेल्डिंगलाही दाद देत नसेल, तरच. वरचा भाग कानसने सपाट करून बरोबर मध्यावर सेंटर पंच मारावा, आणि शक्य असेल तर लेथवर एक मार्गदर्शक बुश करून घ्यावे. पोलाद कठीण आणि अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने ड्रिल संधी मिळताच बाजूच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये घसरते, आणि हेड खरे खराब होते ते इथे. ३ मिलिमीटरने सुरुवात करून पुढे जावे. डाव्या फिरकीचे ड्रिल मिळाले तर उत्तम, कारण पुष्कळदा ड्रिल चालू असतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. एम६ च्या १ मिलिमीटर पिचच्या (दोन आट्यांमधले अंतर) आट्यांसाठी ५ मिलिमीटरपर्यंत गेले की आट्यांचे कवच तेवढे उरते, ते सुईने सोलून काढून टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवता येतो. शंकूच्या आकाराचे बोल्ट एक्स्ट्रॅक्टर, ज्यांना ईझी-आउट म्हणतात, ते एम६ मध्ये वापरू नयेत असा माझा आग्रह आहे. ते पातळ झालेल्या बोल्टाला आतून फुगवून आणखी घट्ट करतात, आणि आत तुटले तर इतके कठीण असतात की साधे ड्रिल त्यांच्यावर चालत नाही. मग हेड उतरवून स्पार्क इरोजन मशीनवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या यंत्रावर, न्यावे लागते. वागळे इस्टेट किंवा रबाळे भागात डाय-मोल्डची कामे करणाऱ्यांकडे असे मशीन सापडते, पण तोपर्यंत एका लहान बोल्टाचे काम फार वाढलेले असते.

आटे गेलेच तर त्यावरही उपाय आहे. भोक मोठे करून, त्याच्या खास टॅपने आटे पाडून, आत तारेचा इन्सर्ट बसवतात, ज्याला सर्व जण हेलिकॉइल म्हणून ओळखतात. एम६ साठी त्याचे भोक साधारण ६.३ मिलिमीटरचे होते. नीट बसवलेला इन्सर्ट अ‍ॅल्युमिनियममधल्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरतो. भोक सरसकट एम८ करून मोठा बोल्ट ठोकून देण्याचा सल्ला मिळाला तर तो स्वीकारू नये, उंचवट्याची भिंत पातळ होऊन पुढे तिला तडा जातो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट हे वेगळे प्रकरण आहे. तिथे लोखंडी स्टडवर (हेडमध्ये बसवलेल्या, डोके नसलेल्या बोल्टावर) लोखंडी नट असतो, आणि रोजच्या तापण्या-निवण्याने व पावसाच्या पाण्याने गंज चढलेला असतो. इथे तेल उपयोगी पडते. इंजिन थंड असताना नटांवर पेनिट्रंट लावावे, जास्तीचे पुसून घ्यावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे आठवडाभर करावे. आपली गाडी तशीही सध्या उभी आहे. गोल झालेला नट फिरवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा नट स्प्लिटरने किंवा बारीक छिनीने तो एका बाजूने फोडावा. इथे नट स्वस्त, स्टड त्याच्या खालोखाल आणि हेड महाग, हीच उतरंड. नटाबरोबर संपूर्ण स्टड हेडमधून फिरून बाहेर आला तर काहीच बिघडले नाही, नवा स्टड बसवावा. मॅनिफोल्ड गळत नसेल आणि तो काढण्याचे कारण नसेल, तर आज त्याला हात लावूच नये. नुसते गंजलेले दिसतात म्हणून नट सोडवायला घेणे अनावश्यक आहे.

जोडणी करताना हेडमधली भोके टॅपने खरवडू नयेत. थ्रेड चेसर किंवा जुन्या बोल्टाला उभी खाच पाडून केलेला चेसर फिरवावा, म्हणजे मळ निघतो आणि धातू कापला जात नाही. बंद तळाच्या भोकात तेल किंवा पाणी राहिले तर बोल्ट आवळताना तो द्रव दाबला जाऊन धातूला तडा देऊ शकतो, म्हणून हवेने फुंकून भोक कोरडे करावे. बोल्ट नवे, कंपनीच्या मापाचे आणि लेप असलेले घ्यावेत. गंजत नाहीत म्हणून स्टेनलेसचे बोल्ट बसवण्याची पद्धत आपल्याकडे दिसते, पण खाऱ्या हवेत स्टेनलेस स्वतः टिकतो आणि त्याच्याभोवतीचे अ‍ॅल्युमिनियम अधिक वेगाने झिजते. दांड्यावर आणि आट्यांवर अँटी-सीझचा (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायच्या लेपाचा) अगदी पातळ थर द्यावा. त्यामुळे घर्षण कमी होते, म्हणून मॅन्युअलमध्ये कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क (आवळण्याचा पीळ) साधारण पाव हिश्श्याने कमी धरावा, आणि आवळताना टॉर्क पाना वापरावा.

कूलंट भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि इथिलीन ग्लायकॉलचे योग्य मिश्रण भरावे, नळाचे पाणी नव्हे. सीएनजीचा रिड्यूसर कूलंटनेच उबदार राहतो, म्हणून त्याच्या नळ्यांत हवा अडकून राहत नाही ना हे पाहणे आपल्या गाडीत विशेष आवश्यक आहे. हीटर पूर्ण गरमवर ठेवून पेट्रोलवर इंजिन चालवावे, पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबावे, पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरावी आणि मगच टाकीचा व्हॉल्व्ह उघडावा. दोन-तीन दिवस गाडी चालवल्यावर हाउसिंगच्या कडेला कोरडा कागद फिरवून पाहावा. तो कोरडा राहिला तर बोल्टांना पुन्हा हात लावू नये. ओलसर झाला तर बोल्ट आणखी न आवळता हाउसिंग उतरवून गॅस्केट आणि हेडचा पृष्ठभाग सपाट पट्टीने तपासावा.